आड

तांब्याची तार काढायची, काच टाकायची,
केसाएवढी काच, खांबावरून थेट घरात.
कागदावर लिहिलं होतं: राउटर दारामागे,
जुना फोन होता तिथेच.

वेल्सच्या उत्तरेला, स्लेटच्या खाणींचं गाव.
घरं डोंगराला पाठ टेकून बसलेली,
भिंत अडीच फूट.
ड्रिल अर्ध्यात तापलं, अडलं,
निळी-जांभळी भुकटी ओकत राहिलं माझ्या बुटांवर.
"कुणाचा रे तू?" मिसेस प्रोबर्टनी विचारलं.
बापाचं नाव सांगितलं. पुरलं नाही.
आजोबांचं सांगितलं, कुठल्या खाणीत होते तेही,
तेव्हा कुठे चहा आला.

म्हटलं, दारामागे नको.
भिंतीला कान असतात म्हणतात,
तुमच्या भिंती ठार बहिऱ्या.
इथे ठेवला तर अर्धा सिग्नल
बाहेरच्या मेंढ्यांना जाईल.
"जाऊ दे की," त्या म्हणाल्या,
"चाळीस वर्षं फोन इथेच वाजला.
फटीतून वारा यायचा, पाय गारठायचे,
म्हणून या घरात कुणी लांबण लावली नाही.
मरणाची बातमीसुद्धा दोन वाक्यांत."
दोऱ्याला बांधलेलं पेन अजून लोंबत होतं खिळ्याला.

मग मीटर हातात धरून निघालो घरभर,
त्या मागून, चपला फटक फटक करत.
स्वयंपाकघर नको, मायक्रोवेव्ह गोंधळ घालतो.
कपाटात नको, टीव्हीमागे नको, जमिनीवर तर नकोच,
उंचावर हवा आणि घराच्या पोटात.
मधल्या खोलीत काचेची पेटी, त्यात एकच मासा,
बारा वर्षांचा, कुणाशीच पटलं नाही म्हणून एकटा.
याच्याजवळही नको, म्हटलं,
पाणी तरंग पितं.

जिन्याच्या वळणावर काटा चढला.
हीच जागा.
पण तिथे आरसा, पुरुषभर उंचीचा,
आणि आरशाची पाठ म्हणजे धातू, तरंग परतवते.
दोघांनी मिळून उतरवला.
मागे भिंतीचा कागद हिरवागार,
त्यावर चिमणीएवढे पिवळे पक्षी.
बाकी भिंतीवर ते कधीच धुरकटून गेलेले.
"अगंबाई," त्या म्हणाल्या, "असा होता होय हा."
बोटानं एका पक्ष्याला शिवल्या,
आणि बोट ॲप्रनला पुसलं.

राउटर लावला. दिवे लुकलुकले, ठरले.
वरच्या झोपायच्या खोलीत मोजलं:
पूर्ण.
असं क्वचित दिसतं जाड भिंतींच्या घरात,
मी जरा फुशारकीनंच दाखवलं.
त्या मात्र पाण्यापाशीच अडकलेल्या.
"पाणी तरंग पितं म्हणालास.
आणि माणूस?"
माणूसही बहुतेक पाणीच, बोलून गेलो.
घर भरलेलं असलं की थोडा कमी पोचतो सिग्नल.
रिकामं असलं की
आणि तिथे जीभ चावली.

त्यांनी पलंगाकडे पाहिलं.
खिडकीकडची उशी फुगलेली, कोरी,
दाराकडचीला डोक्याचा खळगा.
"उभा राहा बघू तिथे. त्याच्या बाजूला.
नाही, आणखी पुढे. हां."
मीटर माझ्याकडून काढून घेतला,
चष्मा कपाळावर सारून डोळ्यांजवळ धरला.
मी उभा राहिलो, खिडकी आणि बाई यांच्या मध्ये,
जिन्याकडे तोंड करून,
श्वास का रोखला कोण जाणे.
काटा दोन घरं खाली आला.

"एवढंच?" मिसेस प्रोबर्ट म्हणाल्या,
"ग्विलिम तुझ्या दुप्पट होता."

सही घेतली. राउटरवर काही झाकू नका, बजावलं,
तापतो तो, त्याला हवा लागते.
हो हो म्हणाल्या.
व्हॅन वळवताना जिन्याच्या खिडकीतून दिसलं:
लोकरीचा विणलेला रुमाल घडी मोडून
त्याला नीट पांघरत होत्या.